रुपया नव्वदीपार: नेपाळ, श्रीलंका, थायलंड की व्हिएतनाम?

माझ्या मामेभावाचा दर वर्षी गणपतीच्या आसपास फोन येतो. "दादा, यंदा बाहेर कुठलं स्वस्त पडेल?" तो आणि त्याची बायको, दोघंही नाशिकला नोकरीला. बजेट सव्वा लाख. पासपोर्ट काढून चार वर्षं झाली आणि अजून एकही शिक्का नाही. यंदा त्याचं उत्तर आधीच ठरलं होतं. "व्हिएतनाम! तिथे आपल्या एका रुपयाचे जवळजवळ तीनशे होतात. आपण तिथे करोडपती."

हिशेबाने त्याचं बरोबर आहे. एका रुपयाला साधारण २९० डाँग मिळतात, म्हणजे चौतीस-पस्तीस हजार रुपयांत माणूस व्हिएतनामी करोडपती होतो. पण त्या एक कोटीत काय येतं ते विचारलं की हवा निघून जाते. नोटेवर किती शून्यं आहेत यावरून तो देश स्वस्त की महाग हे कळत नाही. जपानचा येन साठ पैशांपेक्षाही लहान आहे, पण टोकियोला स्वस्त म्हणणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वद रुपये ओलांडले तेव्हापासून हा प्रश्न मामेभावापुरता राहिलेला नाही. ऑफिसात, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत तीच चर्चा. म्हणून चार देशांचा हिशेब एकदा नीट मांडला: नेपाळ, श्रीलंका, थायलंड, व्हिएतनाम. पहिल्यांदा बाहेर जाणारी मराठी घरं शेवटी यांच्यातूनच निवड करतात. मलेशिया, तुर्कस्तान, इजिप्त आणि जपान अधेमधे डोकावतील, कारण त्यांच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे.

आपला रुपया नक्की कोणापुढे घसरला?

बातम्यांमध्ये रुपया पडतो तो डॉलरपुढे. आपण सुट्टीत खर्च करणार बाट, डाँग नाहीतर नेपाळी रुपया. ती चलनंही डॉलरपुढे पडली असतील तर आपलं फारसं बिघडत नाही. ती वधारली असतील तर मात्र दुहेरी फटका. २०२१ ची सुरुवात आणि २०२५ ची अखेर असे दोन टोकांचे ढोबळ दर शेजारी ठेवून पाहा:

| चलन | २०२१ च्या सुरुवातीला | २०२५ च्या अखेरीस |
|---|---|---|
| नेपाळी रुपया | १ रुपयाला १.६० | १ रुपयाला १.६० |
| श्रीलंकेचा रुपया | १ रुपयाला सुमारे २.६ | १ रुपयाला सुमारे ३.४ |
| व्हिएतनामी डाँग | १ रुपयाला सुमारे ३१५ | १ रुपयाला सुमारे २९० |
| थाई बाट | १ बाट सुमारे २.४० रुपये | १ बाट सुमारे २.८५ रुपये |
| मलेशियन रिंगिट | १ रिंगिट सुमारे १८ रुपये | १ रिंगिट सुमारे २२ रुपये |
| जपानी येन | १ येन सुमारे ७० पैसे | १ येन सुमारे ५७ पैसे |
| इजिप्शियन पौंड | १ पौंड सुमारे ४.६५ रुपये | १ पौंड सुमारे १.९० रुपये |

नेपाळची ओळ हलतच नाही, कारण १९९३ पासून त्यांनी आपला रुपया भारतीय रुपयाला १.६० च्या भावाने बांधून ठेवला आहे. डॉलर शंभराला गेला तरी काठमांडूतल्या दुकानात तुमचा भाव तोच राहील. व्हिएतनाममध्ये पाच वर्षांत आपण सात-आठ टक्के गमावले, म्हणजे खरचटलं इतकंच. थायलंडमध्ये चांगलाच मार बसला. बँकॉकच्या राजवाड्याचं तिकीट ५०० बाटच आहे, पण २०२१ च्या भावाने ते बाराशे रुपयांना पडायचं आणि आता सव्वाचौदाशेला. तिकडचा भाव वाढला नाही, आपला खिसा आखडला.

मलेशियाची गंमत तर दोनच वर्षांतली आहे. २०२४ च्या सुरुवातीला रिंगिट साडेसतरा रुपयांच्या आसपास होता. त्या वेळचे 'क्वालालंपूर किती स्वस्त' असे व्हिडिओ अजून फिरताहेत. आज त्याच जेवणाला, त्याच खोलीला पंचवीस टक्के जास्त मोजावे लागतात. व्हिसा लागत नाही (ही सवलत २०२६ अखेरपर्यंत वाढवली आहे) एवढ्यावर भुलू नका. व्हिडिओ पाहताना आधी तारीख बघायची सवय लावा.

आता कोणी म्हणेल, मग ज्यांचं चलन आपल्याहून जास्त आपटलं त्या देशात जावं की. तुर्कस्तानने ही समजूत खोटी ठरवली. लिरा पाच वर्षांत दहा रुपयांवरून दोन रुपयांच्या घरात आला. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथली महागाई वर्षाला ८५ टक्क्यांवर पोचली होती, आणि पर्यटकांकडून पैसे घेणाऱ्यांनी सरळ युरोत भाव लावायला सुरुवात केली. इस्तंबूलच्या प्रसिद्ध आया सोफिया मशिदीत परदेशी माणसाला जानेवारी २०२४ पासून २५ युरो पडतात. चलन पडलं, भाव चढले, आणि पाहुण्याच्या हाती काही लागलं नाही. इजिप्तमध्ये अर्धीमुर्धी तीच गोष्ट. मार्च २०२४ मध्ये पौंडाचा भाव बाजारावर सोडल्यावर तो कोसळला, खाणं-टॅक्सी खरोखर स्वस्त झाली, पण गिझाच्या पिरॅमिडच्या आवाराला ७०० पौंड आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या भव्य संग्रहालयाला १,४५० पौंड. दोघांचे या दोनच ठिकाणचे आठ हजार रुपये होतात. तरीही इजिप्त मी यादीतून काढणार नाही, फक्त पहिल्या परदेशवारीला तो नको. व्हिसाची कागदपत्रं आणि विमानभाडं दोन्ही अंगावर येतात.

खर्चाचे दोन डबे

मी मामेभावाला सांगितलं, वहीत मधोमध रेघ मार. डावीकडे विमानाचं तिकीट, व्हिसा, डॉलरमध्ये भाव सांगणारी हॉटेलं, सहली, गाड्या. उजवीकडे तिथे गेल्यावर स्थानिक पैशात होणारा खर्च: जेवण, बस, रिक्षा, साधी खोली, बाजार.

डावा डबा डॉलरच्या तालावर नाचतो. विमान कंपन्यांचं इंधन, भाड्याने घेतलेल्या विमानांचे हप्ते, सुटे भाग हे सगळं डॉलरशी बांधलेलं असतं. त्यामुळे रुपया पडला की काठमांडूचं तिकीटही महागतं, तिथलं चलन आपल्याशी बांधलेलं असलं तरी. उजवा डबा त्या देशाच्या चलनावर आणि तिथल्या भावांवर ठरतो. रुपया कमजोर असताना परवडणारा देश तो, जिथे डावा डबा लहान ठेवता येतो किंवा उजवा इतका स्वस्त असतो की डाव्याचा भार चार रात्री जास्त राहून पसरवता येतो.

आता माझ्या वहीतले आकडे. दोन माणसं, मुंबईहून, दोन-अडीच महिने आधी काढलेलं तिकीट, सुट्टीच्या ऐन गर्दीत नाही. राहणं साध्या पण स्वच्छ हॉटेलात, जेवण बाहेर, खरेदी नाही. हे अंदाज आहेत. तुम्ही तुमचे घाला, रीत मात्र तीच ठेवा.

थायलंड: दोघांचं विमान ४४ हजार, व्हिसा शून्य, रोजचा खर्च साडेसात हजार.

व्हिएतनाम: विमान ५२ हजार, ई-व्हिसा प्रत्येकी २५ डॉलर म्हणजे दोघांचे साडेचार हजार, रोजचा खर्च साडेपाच हजार.

पाच रात्री राहिलात तर थायलंड साडेएक्क्याऐंशी हजार आणि व्हिएतनाम ८४ हजार. म्हणजे 'महाग' थायलंडच स्वस्त! नऊ रात्री राहिलात तर थायलंड १ लाख साडेअकरा हजार, व्हिएतनाम १ लाख ६ हजार. पारडं सातव्या रात्री फिरतं. माझ्या मते या दोन देशांमधली निवड इथेच संपते: रजा किती आहे ते सांगा, देश मी सांगतो.

पण व्हिएतनामच्या बाबतीत जवळजवळ प्रत्येक जण एक चूक करतो. नकाशावर तो देश लांबलचक पट्टी आहे. उत्तरेला हनोई, मध्यात दा नांग आणि होई आन, खाली हो ची मिन्ह सिटी, आणि टूरवाल्यांच्या पत्रकात तिन्ही असतात. मध्ये दोन अंतर्गत विमानं येतात, सामानाचे पैसे वेगळे. दोघांचे बारा-चौदा हजार तिथे गेले की पारडं फिरायला सातव्याऐवजी तेरावी-चौदावी रात्र लागते. इतकी रजा कोण देतंय? एकच भाग घ्या. हनोई, निन्ह बिन्ह आणि हा लाँगची खाडी, किंवा दा नांग, होई आन आणि ह्युए. दोन्हीत बस आणि रेल्वेने काम भागतं.

दा नांगला गेलात तर बा ना हिल्सचं तिकीटही डोक्यात ठेवा. दोन प्रचंड, दगडी वाटणाऱ्या हातांनी पेललेला तो सोनेरी पूल तिथेच आहे. मोठ्या माणसाला साडेनऊ लाख डाँगच्या घरात, म्हणजे सव्वातीन हजार रुपये. मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. एक मीटरच्या आतलं पोर फुकट. चौघांचं कुटुंब असेल तर एका दिवसाचा हा खर्च हॉटेलच्या चार रात्रींइतका होतो. मला स्वतःला तो पूल फोटोतच जास्त आवडला. होई आनच्या जुन्या गावात १,२०,००० डाँगच्या, म्हणजे चारशे रुपयांच्या तिकिटावर फिरताना दुप्पट आनंद मिळाला. पण मुलं बरोबर असतील तर माझं ऐकू नका, तीच तुम्हाला वर घेऊन जातील.

श्रीलंका: दिसायला स्वस्त

श्रीलंकेबद्दल माझं मत जरा कडू आहे, त्यामुळे दोन्ही बाजू नीट मांडतो. मुंबईहून अडीच तासांत कोलंबो, तिकीट चौघांत सर्वांत कमी मिळू शकतं, दोघांचं मी ३६ हजार धरतो. २०२२ च्या संकटात तिथला रुपया डॉलरला २०० वरून ३६० पर्यंत घसरला, नंतर सावरून तीनशेच्या आसपास थांबला. कागदावर आपला फायदा मोठा. पण सप्टेंबर २०२२ मध्ये तिथली महागाई ७० टक्क्यांच्या आसपास होती. भाव एकदा चढले ते पूर्वीच्या जागी परत आले नाहीत.

शिवाय पर्यटनाचा धंदा तिथे डॉलरमध्ये चालतो. सिगिरियाच्या खडकाचं तिकीट डॉलरमध्ये ठरतं. सार्क देशांच्या नागरिकांना सवलत असते, म्हणून पासपोर्ट खिशात ठेवा. चालकासह गाडी घेतली तर दिवसाला साधारण ५० ते ७० डॉलर. आता हिशेब करा. बस आणि रेल्वेने फिरलात तर दोघांचा रोजचा खर्च पाच हजारांत बसतो आणि पाच रात्रींची सहल ६१ हजारांत होते. गाडी घेतली की रोजचे दहा हजार, सहल ८६ हजारांची. म्हणजे थायलंडपेक्षा महाग! आणि आईवडील, लहान मूल, किंवा चार बॅगा असलेला मराठी माणूस शेवटी गाडीच घेतो. मीही घेतली होती.

म्हणून श्रीलंका कोणासाठी? पाठीवर सॅक टाकून लाल बसमध्ये उभं राहण्याची तयारी असलेल्यांसाठी. त्यांना ती भरभरून देते. कँडीहून एल्लाकडे जाणारी चहाच्या मळ्यांतली रेल्वे हे तिथलं मोठं आकर्षण, पण नोव्हेंबर २०२५ मधल्या दितवा चक्रीवादळाने डोंगराळ भागातल्या लोहमार्गाचं मोठं नुकसान केलं. सहल आखण्याआधी कुठला टप्पा चालू आहे ते तपासा. नाहीतर अख्खी सहल ज्या गाडीसाठी केली तीच नाही, असं व्हायचं.

एक गोष्ट मात्र श्रीलंकेच्या बाजूने: यूपीआय. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे क्यूआर कोडवर पैसे देता येतात. सगळीकडे नाही, पण शहरांतल्या दुकानांत चालतं.

नेपाळ: जिथे डॉलर आठवत नाही

मामेभाऊ नेपाळचं नाव काढताच म्हणाला, "ते काय परदेश आहे का?" हाच नेपाळचा एकमेव खरा तोटा. सोसायटीत सांगताना वजन पडत नाही.

बाकी सगळा फायदाच. व्हिसा नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार कार्डावर १५ ते ६५ वयाच्या माणसाला विमानात बसू देत नाहीत, आणि दर वर्षी कोणी ना कोणी विमानतळावरून परत फिरतं. काठमांडूत भाव विचारला की दुकानदार विचारतो, 'आयसी की एनसी?' म्हणजे भारतीय रुपयांत की नेपाळी रुपयांत. हा प्रश्न विचारल्याशिवाय कुठलाही भाव मान्य करू नका. हजार एनसी म्हणजे सव्वासहाशे रुपये, हजार आयसी म्हणजे हजारच. नोटा शंभराच्या न्या, मोठ्या नोटांचे नियम तिथे बदलत आले आहेत. क्यूआरवर यूपीआय बऱ्याच ठिकाणी चालतं.

भारतीय म्हणून मिळणाऱ्या सवलती लोक विसरतात. अन्नपूर्णा परिसराच्या परवान्याला इतर परदेशी पर्यटक ३,००० नेपाळी रुपये भरतात, सार्कचे नागरिक १,०००. काठमांडू-पोखरा विमानालाही भारतीयांचं भाडं वेगळं आणि कमी असतं. ते विमान मी आईवडील बरोबर असतील तर घ्यायलाच सांगेन. रस्ता दोनशे किलोमीटरचाच आहे, पण पूर्ण दिवस खातो आणि कंबर वेगळी.

दोघांचं विमान ४० हजार, रोजचे साडेचार हजार, पाच रात्रींचे साडेबासष्ट हजार. श्रीलंकेच्या बस-सहलीइतकेच, पण इथे त्या पैशांत अंगाला त्रास नाही.

आणि इथे एक वाट अशी आहे की ती दुसऱ्या कुठल्याच देशाला नाही. डावा डबा जवळजवळ रिकामाच करता येतो. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून कुशीनगर एक्सप्रेसने नाशिक, भुसावळ करत गोरखपूर, तिथून बसने सोनौलीची सीमा, चालत पलीकडे. लुंबिनी जवळच, पोखऱ्याला पुढे बस. दोघांचा येण्याजाण्याचा खर्च अकरा-बारा हजारांत. किंमत मोजावी लागते ती दिवसांत. जाऊन-येऊन तीन-चार दिवस गाडीतच. पंढरपूरच्या वारीला चालणारी, मुक्तिनाथाला जाऊ पाहणारी आमच्याकडची मंडळी याच रस्त्याने जातात आणि कुरकुर करत नाहीत. दहा दिवसांची रजा काढून विमानाने जाणाऱ्या तरुणांची कुरकुरच मी जास्त ऐकली आहे.

भूतानचंही चलन आपल्याशी एकास एक बांधलेलं आहे, मग तो का नाही? कारण तिथे भारतीयांना माणशी दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे. दोघांच्या पाच रात्री म्हणजे गार पाण्याचा ग्लासही न पिता १२ हजार. देश सुंदर आहे, या यादीत बसत नाही इतकंच.

दिवाळी की मे महिना?

आपल्या घरांना रजा मिळते ती दिवाळीत नाहीतर मुलांच्या परीक्षा संपल्यावर, आणि स्वस्त-महागाचा निम्मा निकाल इथे लागतो.

दिवाळीत नेपाळ उत्तम. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आकाश धुतल्यासारखं असतं, पोखऱ्यातून माच्छापुच्छ्रे शिखर समोर दिसतं. त्यांची दिवाळी म्हणजे तिहार, तोही तेव्हाच, आणि दुसऱ्या दिवशी गावभरातल्या कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा. फक्त दशैंच्या, म्हणजे त्यांच्या दसऱ्याच्या, मुख्य दिवसांत दुकानं बंद आणि बसगाड्या भरलेल्या असतात. मे महिन्यात मात्र धुरकट हवेत हिमालय दिसेलच याची खात्री नाही. हिमालय न दिसलेला नेपाळ कितीही स्वस्त असला तरी महागच.

व्हिएतनामचं उलटं, आणि तेही अर्धंच. मधला किनारा, म्हणजे दा नांग-होई आन, मे महिन्यात कोरडा आणि समुद्रात उतरण्याजोगा असतो. उन्हाळा आहे, पण नागपूरकरांनी त्याला उन्हाळा म्हणू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथेच पूर येतो. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर होई आनच्या गल्ल्यांत होड्या फिरत होत्या. दिवाळीत व्हिएतनामला जायचंच तर उत्तरेला हनोईकडे जा. हवा आल्हाददायक असते. फेब्रुवारीच्या आसपास येणारा तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष, टाळा. तिकिटं चढतात आणि घरगुती खानावळी बंद असतात.

थायलंडमध्ये फुकेतचा पाऊस नोव्हेंबरात ओसरतो, तेव्हाच को सामुईचा सुरू होतो. श्रीलंकेचा दक्षिण-पश्चिम किनारा डिसेंबर ते मार्च, आणि मेअखेर तिकडे आपल्याआधी मॉन्सून पोचतो. तेव्हा पूर्वेला त्रिंकोमालीकडे वळायचं.

ताटात काय पडणार?

घरात एक जरी कडक शाकाहारी असेल तर खर्चाचं गणित बदलतं. शाकाहारी माणूस परदेशात स्थानिक हॉटेलांना बिचकून भारतीय रेस्टॉरंट शोधतो, आणि तिथे पनीरच्या एका भाजीत स्थानिक माणसांची तीन जेवणं होतात.

नेपाळमध्ये प्रश्नच नाही, दालभात आणि वर पुन्हा वाढप. श्रीलंकेत नारळाचं दूध, फणस, इडिअप्पम. कोकणी माणसाला दोन दिवसांत घरचं वाटू लागतं. पण भाजीतही सुक्या माशाची भुकटी टाकतात, तिला ते उंबलकडा म्हणतात. आधी विचारा. व्हिएतनाममध्ये शाकाहारी जेवणाला म्हणतात 'चाय'. तिथे 'चाय' मागितलं की चहा नाही, टोफू आणि भात येतो. चांद्र पंचांगाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला कितीतरी घरं चायच खातात, म्हणून पाट्या सगळीकडे दिसतात आणि अशा खानावळीतलं ताट शंभर-दीडशे रुपयांत होतं. थायलंडमध्ये 'जे' लिहिलेले पिवळे-लाल झेंडे शोधा. दोन्ही देशांत 'भाजी' म्हणून मिळालेल्या पदार्थात फिश सॉस असतो हे गृहीतच धरा. झेंडा किंवा पाटी असेल तिथेच विश्वास.

मासे-चिकन चालत असेल तर बँकॉकच्या गाडीवर ५० ते ८० बाटांत आणि हनोईत ४० ते ६० हजार डाँगांत पोटभर होतं. रुपयांत दोन्ही दीडशे-दोनशेच्या आसपासच. म्हणजे खाण्यात या दोघांमध्ये फार फरक नाही. फरक पडतो तो खोलीत आणि समुद्रकाठच्या सहलींत.

पैसे नेताना गळती कुठे होते

बँकेचं साधं क्रेडिट कार्ड परदेशात वापरलं की बहुतेक वेळा साडेतीन टक्के मार्कअप (चलन बदलण्याचा आकार) आणि त्यावर जीएसटी, मिळून चार टक्क्यांहून जास्त जातात. लाखाला चार हजार, म्हणजे व्हिएतनाममधला जवळजवळ पाऊण दिवसाचा खर्च. मार्कअप नसलेलं किंवा फॉरेक्स कार्ड आधीच घ्या. कार्ड मशीन विचारेल, 'रुपयांत घेऊ की स्थानिक चलनात?' दर वेळी स्थानिकच. रुपये निवडले की भाव त्यांच्या मर्जीचा. थायलंडमध्ये एटीएम परक्या कार्डावर दर वेळी २२० बाटांच्या आसपास कापतं, म्हणजे सहाशेहून अधिक रुपये. दोन हजार, तीन हजार असं थोडंथोडं काढत बसू नका.

रुपये थेट नेऊन तिकडे बदलायला गेलात तर भाव पडेल तो घ्यावा लागतो. डॉलरच्या शंभराच्या नोटा न्या. कोऱ्या, न दुमडलेल्या. व्हिएतनाममध्ये नोटेला घडीची रेघ असली तरी नाक मुरडतात.

पॅकेजवाल्याकडून घेत असाल तर तो टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतो. पूर्वी पाच टक्के आणि मोठ्या रकमेवर वीस होता. २०२६ च्या अर्थसंकल्पाने १ एप्रिल २०२६ पासून सरसकट दोन टक्के केला. हा खर्च नाही, विवरणपत्र भरलं की वळता होतो. पण जो भरतच नाही त्याच्यासाठी गेला तो गेलाच. पत्रकावरच्या किमतीत तो धरलेला असतो का, हे पैसे देण्याआधी विचारा. माझ्या एका सहलीत तो शेवटच्या हप्त्याला उगवला होता.

आणि जपान?

या सगळ्यात येन एकटाच असा, की ज्याच्यापुढे गेल्या पाच वर्षांत आपला रुपया वधारला आणि तिथली महागाईही फार भडकली नाही. टोकियोतल्या दुकानात तांदळाचा ओनिगिरी शंभरेक रुपयांत मिळतो. विमान आणि हॉटेल मिळून सव्वा लाखात मात्र जपान बसत नाही. ज्यांच्या स्वप्नातल्या यादीत जपान आहे आणि ज्यांनी पैसे बाजूला टाकले आहेत त्यांनी आत्ताच तिकडे बघावं, येन कायम इतका खाली राहील असं नाही.

मामेभावाचं काय ठरलं

आठ रात्रींची रजा मिळत होती, मे महिना, दोघंही मासे खाणारे. उत्तर उघड होतं: दा नांग, होई आन, ह्युए, मध्ये एकही विमान नाही. रजा पाचच दिवसांची असती तर त्याला थायलंड सांगितलं असतं. मामी बरोबर येणार असत्या तर दिवाळीतला नेपाळ, काठमांडू-पोखरा विमानासकट. श्रीलंका मी त्याला सुचवलीच नाही. त्याला बसमध्ये उलटी होते.

जाताना एकच गोष्ट दोनदा सांगितली. डाँगच्या वीस हजारांच्या आणि पाच लाखांच्या नोटा दोन्ही निळ्या असतात, प्लास्टिकसारख्या, आणि घाईत सारख्याच दिसतात. वीस हजार म्हणजे सत्तर रुपयेसुद्धा नाहीत. आम्ही गेलो होतो तेव्हा उन्हात घामाघूम होऊन बायकोने एका गाडीवाल्याला निळी नोट दिली आणि आम्ही शहाळं पीत पुढे निघालो. रात्री खोलीवर हिशेब लावताना लक्षात आलं. ते शहाळं आम्हाला सतराशे रुपयांना पडलं.